व्हॉल्व्ह लीक आहे, पंपिंगही कमी आहे: पुढे काय?

इकोचा रिपोर्ट हातात येतो. वर मापांची लांबलचक यादी आणि खाली तीन-चार ओळींचा निष्कर्ष असतो. त्यात दोन गोष्टी ठळक दिसतात: 'ईएफ २५ टक्के' आणि 'सिव्हिअर मायट्रल रिगर्जिटेशन'. डॉक्टर समजावतात, "पंपिंग कमी झाले आहे आणि व्हॉल्व्हही लीक आहे." घरी पोहोचेपर्यंत डोक्यात एवढेच उरते की एकाच हृदयाला दोन आजार झाले आहेत.

हार्ट फेल्युअरच्या बहुतेक रुग्णांत हे दोन वेगळे आजार नसतात. एकातून दुसरा निघालेला असतो आणि मग दुसरा पहिल्याला खतपाणी घालत राहतो. हे नाते एकदा समजले की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात. आधी इतक्या गोळ्या का, तीन महिन्यांनी पुन्हा इको का, एकाला ऑपरेशन सांगतात आणि दुसऱ्याला नाही असे का, हे सारे त्यातून उलगडते. म्हणून आपण ही गोष्ट पायरीपायरीने समजून घेऊ.

सोबतीला एक उदाहरण घेऊ. समजा, अठ्ठावन्न वर्षांचे एक काका आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला. आता एक जिना चढला की दम लागतो, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही आणि संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उमटतात. वरचा रिपोर्ट त्यांचा आहे असे धरू.

पायरी १: निरोगी झडप काय करते

हृदयात चार कप्पे असतात, वरचे दोन आणि खालचे दोन. फुप्फुसातून शुद्ध झालेले रक्त वरच्या डाव्या कप्प्यात येते, तिथून खालच्या डाव्या कप्प्यात उतरते आणि तिथून सगळ्या शरीराला पाठवले जाते. खालचा डावा कप्पा हा हृदयाचा खरा पंप.

या दोन डाव्या कप्प्यांच्या मधोमध जी झडप आहे ती मायट्रल व्हॉल्व्ह. तिचे काम दाराचे. रक्त खाली येताना उघडायचे आणि पंप आवळला की घट्ट मिटायचे, म्हणजे रक्त वर परत जात नाही. दिवसाकाठी हे उघडणे-मिटणे सुमारे एक लाख वेळा होते.

या दाराला पातळ पडद्यासारख्या दोन पाकळ्या असतात. त्यांच्या कडांना बारीक, चिवट दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या खाली पंपाच्या भिंतीवरच्या दोन स्नायूंच्या खुंट्यांना धरलेल्या असतात. वादळी पावसात छत्री उलटी होते तशा पाकळ्या वरच्या बाजूला उलटू नयेत, हे या दोऱ्यांचे काम.

म्हणजे झडप नीट मिटण्यासाठी पाकळ्या चांगल्या असून भागत नाही. भोवतीची चौकट योग्य मापाची हवी, दोऱ्या योग्य ताणात हव्यात, खुंट्या जागेवर हव्यात आणि पंपाच्या भिंतीत जोर हवा. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे हिच्यावर उभे आहे.

पायरी २: हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे

'फेल्युअर' हा शब्द ऐकून घरातल्यांचा धीर सुटतो. त्याचा अर्थ हृदय थांबले असा नाही. शरीराला लागते तेवढे रक्त पुढे पाठवणे हृदयाला जड जाते आहे, किंवा त्यासाठी त्याला आतला दाब वाढवावा लागतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा घोटाळा 'पंपिंग' या शब्दाचा. ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. भरलेल्या पंपातले किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर गेले, याचे हे माप आहे. निरोगी माणसाचाही पंप पूर्ण रिकामा होत नाही. साधारण १२० मिलिलिटर रक्त भरते आणि ७० मिलिलिटरच्या आसपास बाहेर जाते. म्हणून ५५ ते ६५ टक्के हे उत्तम पंपिंग झाले. २५ टक्के म्हणजे शंभरपैकी पंचवीस गुण नव्हेत आणि 'हृदयाचा पाऊण भाग मेला' असाही त्याचा अर्थ नाही.

ईएफ ४० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर पंप अशक्त झाला असे मानतात. ५० किंवा अधिक असूनही हार्ट फेल्युअर असू शकते. तिथे पंप आवळतो नीट, पण ताठर झाल्यामुळे सैल पडून भरून घेत नाही.

पायरी ३: झडप गळू कशी लागते

जुन्या घराचे दार आठवून पाहा. दाराचे लाकूड शाबूत असते, पण भिंत खचून चौकट फाकली की फळ्या एकमेकींना भिडत नाहीत आणि मध्ये फट राहते. काकांच्या हृदयात हेच झाले आहे. अटॅकनंतर पंपाच्या भिंतीचा एक भाग कमजोर झाला. उरलेल्या भागावर ताण आला आणि पंप हळूहळू फुगून गोलसर होत गेला. खुंट्या बाहेर सरकल्या, दोऱ्या ताणल्या गेल्या, पाकळ्या खाली ओढल्या गेल्या, चौकटही रुंदावली. मिटताना मध्ये फट राहू लागली आणि त्या फटीतून रक्त वरच्या कप्प्यात परत जाऊ लागले. हीच गळती.

हिला सेकंडरी, म्हणजे दुय्यम गळती म्हणतात. झडप मुळात ठीक असते, बिघाड पंपात असतो. बरीच वर्षे हृदयाचे ठोके अनियमित असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर वरचा कप्पा फुगूनही चौकट रुंदावते. अशा गळतीत ईएफ चांगले असू शकते.

दुसरा प्रकार प्रायमरी गळतीचा. इथे दारच खराब झालेले असते. लहानपणी घसा दुखून आलेल्या सांधेतापाचा, म्हणजे रुमॅटिक फीव्हरचा, झडपेवर परिणाम झालेला असतो, दोरी तुटलेली असते, पाकळी लुळी पडून वर झुकलेली असते किंवा झडपेला जंतुसंसर्ग झालेला असतो.

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. शेजारच्या काकूंची झडप बदलली आणि त्या ठणठणीत झाल्या, मग आपल्या काकांना डॉक्टर नुसत्या गोळ्या का देतात, असे घरचे विचारतात. काकूंचे दार खराब होते, ते दुरुस्त केले आणि मूळ दुखणेच गेले. काकांची भिंत खचली आहे. नुसते दार बदलून भिंत सावरत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हा: "गळती प्रायमरी आहे की सेकंडरी?"

पायरी ४: दुष्टचक्र कसे फिरते

पंप फुगला म्हणून झडप गळू लागली. आता प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त वर जाते आणि पुढच्या खेपेला नव्या रक्तासोबत तेच पुन्हा खाली येते. पंपावर जादा भार पडतो, तो आणखी फुगतो, फट आणखी रुंदावते आणि गळती वाढते.

वर गेलेल्या रक्तामुळे वरच्या कप्प्यातला दाब वाढतो आणि तो मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे आडवे झाले की दम लागतो, मध्यरात्री घुसमटून जाग येते, उशा वाढत जातात. पुढे पुरेसे रक्त जात नाही म्हणून थकवा येतो, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात.

या चक्रात ईएफचा आकडाही फसवतो. समजा, पंपात २०० मिलिलिटर रक्त भरले आणि ८० मिलिलिटर बाहेर पडले. ईएफ ४० टक्के झाले. पण त्या ८० पैकी ४० मिलिलिटर मागे गळले, तर शरीराला मिळाले फक्त ४०. कागदावर ४० टक्के दिसते, प्रत्यक्षात कामाला आले २० टक्के. म्हणून गळती मोठी असेल तेव्हा ईएफ एकटे वाचू नये.

पायरी ५: रिपोर्टमधली गळती कशी वाचायची

इकोमध्ये रक्ताचा प्रवाह रंगांत दिसतो, त्याला कलर डॉपलर म्हणतात. उलटा जाणारा झोत पाहून आणि काही मापे घेऊन गळतीचा दर्जा ठरवतात. ट्रिव्हियल म्हणजे नगण्य, माइल्ड म्हणजे सौम्य, मॉडरेट म्हणजे मध्यम आणि सिव्हिअर म्हणजे तीव्र.

'ट्रिव्हियल' हा शब्द पाहून घाबरू नका. पूर्ण निरोगी माणसांच्या इकोमध्येही तो अनेकदा असतो.

तीव्र गळती ठरवण्याच्या ढोबळ खुणा अशा आहेत: फटीचे क्षेत्रफळ ०.४० चौरस सेंटिमीटर किंवा अधिक, एका ठोक्याला मागे जाणारे रक्त ६० मिलिलिटर किंवा अधिक, अथवा बाहेर पडलेल्या रक्तापैकी निम्मे किंवा अधिक मागे जाणे. अशक्त पंपाच्या बाबतीत याहून लहान फटही महागात पडते, कारण तिथे एकूण बाहेर पडणारे रक्तच थोडे असते. गरिबाच्या खिशातून पन्नास रुपये गळणे आणि श्रीमंताच्या खिशातून पन्नास रुपये गळणे सारखे नसते, तसेच हे.

आता चुका होतात त्या जागा पाहू. दुय्यम गळती स्थिर नसते. ती दिवसागणिक बदलते. अंगात पाणी साठलेले असताना, रक्तदाब चढलेला असताना काढलेल्या इकोमध्ये ती 'सिव्हिअर' दिसते. तोच रुग्ण आठ-दहा दिवसांच्या उपचारांनी सुकला की ती 'मॉडरेट' होऊ शकते. उलट, अन्ननलिकेतून नळी घालून केलेल्या इकोच्या वेळी गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरला तर गळती प्रत्यक्षापेक्षा कमी भासते.

म्हणून तीन गोष्टी सांभाळा. इकोच्या वेळचा रक्तदाब रिपोर्टवर लिहून घ्या. शक्य असेल तर पुढचा इको त्याच ठिकाणी करा. जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये ठेवा आणि दर भेटीला सोबत न्या. एका रिपोर्टपेक्षा तीन रिपोर्टांची ओळ डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते.

पायरी ६: पुढची वाटचाल, आकडे आणि त्यांचा अर्थ

गळतीमुळे पुढचे आयुष्य किती बदलते, हा प्रश्न घरातला प्रत्येक जण मनात ठेवतो आणि विचारत नाही. तो विचारायला हवा.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून २००१ साली ३०३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला होता. ज्यांच्या मायट्रल झडपेला गळती होती त्यांच्यातले ६२ टक्के पाच वर्षांत दगावले, गळती नसलेल्यांतले ३९ टक्के. फट जितकी मोठी, तितका धोका जास्त.

२०२१ साली व्हिएन्नातून हार्ट फेल्युअरच्या १३,२२३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यातल्या सुमारे १० टक्क्यांना तीव्र दुय्यम गळती होती आणि त्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा जास्त होता. ईएफ कमी असो, मधले असो वा चांगले असो, हा फरक तिन्ही गटांत दिसला. झडपेवर प्रत्यक्ष इलाज मात्र त्यांच्यातल्या थोड्याच जणांवर झाला होता.

आकडे जड आहेत, पण ते नीट वाचायला हवेत. मेयोच्या अभ्यासातल्या रुग्णांच्या वाट्याला आजची कितीतरी औषधे आली नव्हती. शिवाय असे आकडे समूहाचे असतात. ती एकट्या माणसाची पत्रिका नव्हे. शंभरांतले किती गेले हे ते सांगतात, आपले काका त्यात कुठे आहेत हे सांगत नाहीत.

ते कुठे आहेत हे इतर गोष्टींवरून कळते. पंप किती फुगला आहे, मूत्रपिंड कसे काम करते आहे, हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्तचाचणी किती आहे, वर्षात किती वेळा ॲडमिट व्हावे लागले, किती अंतर न थांबता चालता येते आणि औषधे किती सोसवतात, हे सगळे मिळून चित्र बनते. त्यातल्या बऱ्याच गोष्टी उपचारांनी सुधारतात.

हृदयाच्या उजव्या बाजूकडेही लक्ष हवे. फुप्फुसातला दाब वाढून उजवा भाग ताणला की तिथली ट्रायकस्पिड झडपही गळू लागते. मग पायांवर सूज येते, पोट फुगते, यकृत जड होते, भूक मरते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ट्रायकस्पिड गळती नसलेले ९१.७ टक्के वर्षभरानंतर हयात होते, तर तीव्र गळती असलेले ६३.९ टक्के. रिपोर्टमध्ये 'टीआर' या अक्षरांपुढे काय लिहिले आहे, हे म्हणून पाहा.

पायरी ७: पहिला इलाज औषधांचा

दुय्यम गळतीचे मूळ पंपात आहे, म्हणून पहिला उपचार पंपाचा. अशक्त पंपासाठी आज चार प्रकारची औषधे एकत्र वापरतात. रक्तवाहिन्या सैल करून पंपावरचा भार उतरवणारे औषध, त्यात सॅक्युबिट्रिल-वालसार्टन येते. हृदयाची धावपळ कमी करणारा बीटा ब्लॉकर. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. आणि मुळात मधुमेहासाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या. "मला साखर नाही, मग शुगरची गोळी का?" असे विचारून पुष्कळ जण ती बंद करतात. मधुमेह नसलेल्यांच्या हृदयालाही तिचा फायदा होतो.

या औषधांनी पंप आकसतो, चौकट आवळली जाते आणि गळती उतरते. दक्षिण कोरियात ११८ रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या वालसार्टनपेक्षा सॅक्युबिट्रिल-वालसार्टनने बारा महिन्यांत फटीचे क्षेत्रफळ जास्त कमी झाले.

अंगात साठलेले पाणी काढायला लघवीची गोळी देतात. तिने दम लगेच कमी होतो, म्हणून रुग्णाला तीच खरी वाटते आणि बाकीच्या बिनकामाच्या. प्रत्यक्षात पंप सुधारण्याचे काम त्या बाकीच्या चार करतात.

पहिली चूक डोस न वाढवण्याची. ही औषधे थोड्या मात्रेत सुरू करून रक्तदाब, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासत टप्प्याटप्प्याने वाढवायची असतात. पुष्कळ रुग्ण पहिल्या मात्रेवरच वर्षानुवर्षे राहतात. "माझा डोस वाढवायला वाव आहे का?" हे दर भेटीला विचारा.

दुसरी चूक बरे वाटल्यावर औषध सोडण्याची. २०१९ साली लंडनमधल्या ५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमजोर झालेले हृदय औषधांनी पूर्ववत झाले होते, त्रास काही नव्हता. देखरेखीखाली ज्यांची औषधे थांबवली त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत उलटला. बरे वाटते आहे ते औषध चालू आहे म्हणून.

तिसरी चूक दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची. गुडघे दुखतात म्हणून घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या अंगात पाणी साठवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. डॉक्टरांना न विचारता त्या घेऊ नका.

पायरी ८: ठोक्यांचा ताल आणि खास पेसमेकर

काही रुग्णांच्या ईसीजीत 'एलबीबीबी' असे लिहिलेले असते. डाव्या पंपाकडे जाणारी विजेची वाट अडलेली असते, म्हणून पंपाच्या दोन भिंती एकाच वेळी आवळत नाहीत. दोन खुंट्या वेगवेगळ्या वेळी ओढल्या की पाकळ्या नीट जुळत नाहीत.

अशांना सीआरटी नावाचा पेसमेकर बसवतात. तो दोन्ही बाजूंना एकाच वेळी इशारा देतो. ईसीजीतली पट्टी जितकी रुंद, विशेषतः १५० मिलिसेकंदांहून अधिक, तितका फायदा होण्याची शक्यता जास्त. अनेकांची गळती यानंतर कमी होते. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर त्यावरचा इलाज आणि गरज असेल तिथे बंद रक्तवाहिन्या मोकळ्या करणे, हेही याच टप्प्यातले.

पायरी ९: आता झडपेचा विचार

पूर्ण मात्रेतल्या औषधांना साधारण तीन महिने दिल्यावर पुन्हा इको करतात. गळती उतरली असेल तर औषधे चालू ठेवायची. ती तीव्रच राहिली असेल आणि दमही टिकून असेल, तर झडपेकडे वळायचे.

पहिला मार्ग छाती उघडून शस्त्रक्रियेचा. बायपास करायचीच असेल तेव्हा तिच्यासोबत झडपेचे काम करणे सयुक्तिक ठरते. पण दुय्यम गळतीत चौकट आवळून केलेली दुरुस्ती टिकेलच असे नाही. अमेरिकेतल्या २५१ रुग्णांच्या चाचणीत, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दुरुस्ती केलेल्या ३२.६ टक्के रुग्णांत वर्षभरात मध्यम किंवा तीव्र गळती परत आली. झडप बदललेल्यांत हे प्रमाण २.३ टक्के होते. तरी दोन्ही गटांच्या मृत्युदरात ठळक फरक दिसला नाही. भिंत खचलेलीच राहिली, हे त्याचे एक कारण.

दुसरा मार्ग क्लिपचा. इटलीतले शल्यविशारद ओतावियो अल्फिएरी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन पाकळ्यांच्या कडा मधोमध एका टाक्याने जोडण्याची पद्धत आणली. एका दाराची दोन लहान दारे होतात आणि मधली फट मिटते. त्याच कल्पनेवर बेतलेली क्लिप मांडीच्या शिरेतून नळी नेऊन, छाती न उघडता लावतात. माणसात ती पहिल्यांदा २००३ साली व्हेनेझुएलातल्या काराकासमध्ये लावली गेली. आता ही पद्धत भारतातही उपलब्ध आहे.

क्लिपने आयुष्य वाढते का, हे पाहणाऱ्या दोन चाचण्या २०१८ साली प्रसिद्ध झाल्या आणि उत्तरे उलटी आली. फ्रान्समधल्या मायट्रा-एफआर या ३०४ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात फायदा दिसला नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या कोॲप्ट या ६१४ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत क्लिप लावलेले २९.१ टक्के दगावले, तर फक्त औषधांवर असलेले ४६.१ टक्के. हॉस्पिटलात परत येणेही जवळजवळ निम्म्यावर आले.

हा फरक कशामुळे? रुग्णांची निवड हे त्याचे मोठे कारण मानले जाते. फ्रान्सच्या चाचणीतल्या रुग्णांचे पंप खूप फुगलेले होते आणि गळती त्या मानाने लहान होती. तिथे खरा आजार पंपाचा होता. कोॲप्टमधल्या रुग्णांची गळती मोठी होती आणि पंप त्या मानाने कमी फुगलेला. शिवाय औषधे पूर्ण वाढवून झाल्याची खात्री करूनच त्यांना घेतले होते. मग २०२४ साली आलेल्या रीशेप-एचएफ२ या ५०५ रुग्णांच्या चाचणीतही क्लिप लावलेल्यांना हॉस्पिटलात कमी वेळा जावे लागले आणि त्यांचे रोजचे जगणे सुसह्य झाले.

यातून निघणारा धडा काकांसाठी मोलाचा आहे. क्लिपला एक योग्य वेळ असते. औषधे पूर्ण न वाढवता घाई केली तर गरज नसताना खर्च आणि जोखीम पदरात पडते. पंप फार फुगून जाईपर्यंत, फुप्फुसातला दाब फार चढेपर्यंत थांबले तर वेळ निघून जाते. आणि वेळ साधली तरी क्लिप म्हणजे आजारातून सुटका नव्हे. कोॲप्टमध्ये पाच वर्षांनी क्लिप लावलेल्यांतही ५७.३ टक्के दगावले होते, इतरांतले ६७.२ टक्के. क्लिपनंतरही चारही औषधे चालूच ठेवायची असतात.

गळती आणि पंप दोन्ही हाताबाहेर गेले असतील तर हृदयरोपण किंवा यांत्रिक पंपाबद्दल मोठ्या केंद्रात वेळेवर मत घ्यावे. तेही शक्य नसेल तिथे दम आणि वेदना कमी करणारी सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, हा हक्काचा उपचार आहे. तो मागण्यात हार मानणे नाही.

खर्चाबद्दल बोलायला संकोच करू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात. आपला उपचार योजनेत बसतो का, हे ॲडमिट होण्याआधी त्यांना विचारा.

पायरी १०: घरात रोज करायच्या गोष्टी

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगावरचे मांस नव्हे, साठलेले पाणी आहे. दम लागण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मीठ मोजून वापरा. वरून घेतलेल्या मिठापेक्षा लोणचे, पापड, फरसाण, वेफर, खारे दाणे यांतून जास्त मीठ पोटात जाते. उपवासाचे सैंधवही मीठच आहे, त्यात सोडियम असतेच. बाजारातल्या 'लो सोडियम' मिठात मात्र सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. वरच्या औषधांबरोबर ते धोकादायक पातळीला चढू शकते. रोज शहाळे पिण्याआधीही म्हणून डॉक्टरांना विचारा.

पाण्याची मर्यादा घालून दिली असेल तर चहा, ताक, आमटी, सरबत हे सारे त्यातच मोजा. जुलाब-उलट्या झाल्या, तापाने खाणे सुटले, तर लगेच फोन करा. अशा वेळी काही औषधे चार दिवस कमी करावी लागतात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचारा. झेपेल तेवढे रोज चाला.

बसल्या जागी दम, गुलाबी फेस येणारा खोकला, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आता काकांचा तो रिपोर्ट पुन्हा हातात घ्या. त्यात लिहिलेली 'सिव्हिअर' गळती त्या दिवशीच्या हृदयाची आहे. औषधे पूर्ण मात्रेला पोहोचल्यावर ती किती उरते, यावर पुढचा निर्णय ठरतो. म्हणून पुढच्या भेटीला चार प्रश्न कागदावर लिहून न्या. गळती प्रायमरी आहे की सेकंडरी? चारही औषधे चालू आहेत का आणि डोस वाढवायचा आहे का? पुन्हा इको नेमका कोणत्या तारखेला करायचा? तेव्हाही गळती तशीच असेल तर कोणत्या केंद्रात दाखवायचे? या चारही प्रश्नांची उत्तरे त्याच कागदावर लिहून घ्या आणि इकोची तारीख घरातल्या कॅलेंडरवर आजच नोंदवा.